महामार्गाची पर्यावरण जनसुनावणी: जाहिरात निघाल्यापासून इतिवृत्तावर सही होईपर्यंत गावाने काय करावं

महामार्गाला पर्यावरण मंजुरी देण्याआधी गावांचं म्हणणं ऐकून घेतात, ती जनसुनावणी. त्या दिवशी मंडप भरतो. चार-पाच जण पोटतिडकीने बोलतात, घोषणा होतात, कधी अख्खं गाव उठून निघून जातं. नंतर इतिवृत्त हाती येतं तेव्हा त्यात गावाच्या वाट्याला एकच ओळ असते: ‘ग्रामस्थांनी प्रकल्पास विरोध दर्शविला.’ शेजारच्या रकान्यात प्रकल्पाचं उत्तर: ‘नोंद घेण्यात आली.’ फाइल पुढे ज्या समितीकडे जाते, तिला या ओळीवरून विचारण्यासारखं काहीच उरत नाही. याउलट ‘साखळी क्रमांक ४२/३०० ला आमचा ओढा आहे आणि अहवालाच्या तक्त्यात तो नाही’ असं लिहिलेलं असेल (साखळी म्हणजे महामार्गाच्या सुरुवातीपासूनचं अंतर, आणि अहवाल म्हणजे रस्त्याच्या पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास), तर कोणीतरी त्याचं उत्तर देणं भाग पडतं. पुढची सगळी तयारी अशी वाक्यं इतिवृत्तात उतरावीत यासाठी आहे.

सुरुवातीलाच दोन गैरसमज दूर करू. जनसुनावणी म्हणजे मतदान नव्हे. किती हात वर झाले हे मोजलं जात नाही, आणि गणपूर्तीची अटही नाही. गाव आलंच नाही तरी सुनावणी झाली असं धरतात. म्हणून बहिष्काराने सुनावणी थांबत नाही, फक्त तुमची बाजू कागदावर येत नाही. दुसरं, ही सुनावणी भूसंपादनाची नव्हे. मोबदल्याचा दर इथे ठरत नाही. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ खाली कलम थ्री-एची, म्हणजे जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी, अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांत भूसंपादनाच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे वेगळी हरकत द्यावी लागते. जनसुनावणीत बोललो म्हणजे तीही नोंदली गेली असं समजून बसलेल्या शेतकऱ्यांची मुदत हातची जाते.

## टप्पा १: या रस्त्याला सुनावणी आहे का, ते आधी पाहा

१४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत महामार्ग ७(एफ) या नोंदीत येतात. त्यात नवा राष्ट्रीय महामार्ग आणि नवा राज्य महामार्ग आहे. राष्ट्रीय महामार्गाचं रुंदीकरण १०० किलोमीटरपेक्षा लांब असेल आणि त्यासाठी आहे त्या मार्गावर ४० मीटरपेक्षा किंवा बदललेल्या मार्गावर व बाह्यवळणावर ६० मीटरपेक्षा जादा जागा लागत असेल, तर तेही येतं. राज्य महामार्गाचं रुंदीकरण समुद्रसपाटीपासून १००० मीटरच्या वरच्या डोंगराळ भागात किंवा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात असेल तरच येतं. जादा जमीन न घेता होणाऱ्या रुंदीकरणाला सुनावणीतून सूट आहे. रेल्वेमार्ग या यादीतच नाही, त्यामुळे रेल्वेच्या कामासाठी अशी सुनावणी मागण्यात वेळ जातो. तिथे वन, वन्यजीव किंवा किनारपट्टीच्या परवानग्यांचा माग काढावा लागतो.

यादी पाहिल्यावर प्रकल्पाची एकूण लांबी पाहा. एकच महामार्ग कागदोपत्री ‘पॅकेज १’, ‘पॅकेज २’ असा ९० आणि ८५ किलोमीटरचा करून मांडलेला असू शकतो. परवानगी टाळण्यासाठी प्रकल्पाचे तुकडे पाडता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९ जानेवारी २०२१ ला तमिळनाडूतल्या विल्लुपुरम–नागपट्टिणम रस्त्याच्या निकालात म्हटलं आहे. सगळ्या पॅकेजांची लांबी एका कागदावर मांडा आणि हा प्रश्न पहिल्याच निवेदनात घाला.

तपासा: पर्यावरण मंजुऱ्यांच्या केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर प्रकल्पाच्या किंवा रस्ता बांधणाऱ्या यंत्रणेच्या नावाने शोधलं की प्रस्ताव क्रमांक मिळतो. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक पत्रावर तो हवाच.

## टप्पा २: जाहिरातीनंतरचे पहिले तीन दिवस

सुनावणीची जाहिरात एका मोठ्या राष्ट्रीय दैनिकात आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात यावी लागते, आणि ती सुनावणीच्या किमान ३० दिवस आधी. वर्तमानपत्र पोचत नाही अशा भागात दवंडी देऊन, आकाशवाणी किंवा दूरदर्शनवरून कळवावं, असं अधिसूचनाच सांगते. जाहिरातीचं पूर्ण पान, त्यावरच्या तारखेसह, जपून ठेवा. नुसतं कात्रण ठेवलं तर तारीख कापली जाते आणि ३० दिवसांचा हिशेब सिद्ध करता येत नाही.

मग तीन दिवसांत ही तीन कामं उरका.

१. जाहिरातीची तारीख आणि सुनावणीची तारीख यांतले दिवस मोजा. ३० पेक्षा कमी भरले तर त्याच दिवशी जिल्हाधिकारी आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ यांना लेखी कळवा. हा मुद्दा सुनावणीच्या दिवसापर्यंत राखून ठेवू नका. ‘तेव्हाच का नाही सांगितलं?’ याचं उत्तर तुमच्याकडे नसतं.

२. प्रारूप अहवाल कुठे ठेवला आहे ते विचारा. तो जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि संबंधित ग्रामपंचायत किंवा नगरपालिका यांच्याकडे पाठवलेला असतो, आणि सुनावणी संपेपर्यंत कार्यालयीन वेळेत लोकांना पाहायला मिळाला पाहिजे. सारांश मंडळाच्या संकेतस्थळावर असतो. ग्रामपंचायतीत प्रत आलीच नसेल तर ग्रामसेवकांकडून तसं लेखी घ्या: ‘आज दिनांक … रोजी कार्यालयात अहवाल प्राप्त नाही.’ या चार शब्दांच्या कागदाला पुढे मोठं वजन येतं.

३. परिवेशवरून कार्यकक्षेचं पत्र उतरवून घ्या. अभ्यासात काय काय असलं पाहिजे हे केंद्राच्या किंवा राज्याच्या समितीने यंत्रणेला आधीच लिहून दिलेलं असतं, तेच हे पत्र. फार थोडी गावं ते पाहतात, आणि सगळ्यात जास्त मुद्दे त्यातूनच निघतात.

इशारा: माहिती अधिकाराचा अर्ज करून त्याच्या उत्तराची वाट पाहत बसू नका. उत्तराची मुदत ३० दिवस आहे आणि सुनावणीची नोटीसही ३० दिवसांचीच. अर्ज जरूर करा, पण तो पुढच्या लढाईसाठी. सुनावणीची तयारी त्यावर अवलंबून ठेवू नका.

## टप्पा ३: अहवाल वाचायची रीत

मराठीत मिळतो तो फक्त सारांश. मूळ अहवाल इंग्रजीत आणि शेकडो पानांचा असतो. तो पहिल्या पानापासून वाचायला घेतला की आठवडा जातो आणि हाती काही लागत नाही. गावातल्या इंग्रजी येणाऱ्या चार जणांना कामं वाटून द्या आणि या क्रमाने चला.

आधी तुमच्या गावाचं नाव शोधा. गावांची यादी, भूसंपादनाचा तक्ता, मोऱ्या-पुलांचा तक्ता, नमुने घेतलेल्या ठिकाणांची यादी, अशी ते चार ठिकाणी यायला हवं. कुठल्या यादीत ते गाळलं आहे ते टिपा. गावाची साखळी, म्हणजे महामार्गाच्या सुरुवातीपासूनचं अंतर, तिथेच मिळेल. ‘४२/३००’ म्हणजे ४२ किलोमीटर ३०० मीटर. पुढची सगळी बोलणी याच आकड्याच्या भाषेत करायची आहेत.

मग कार्यकक्षेचं पत्र समोर घेऊन प्रत्येक अटीपुढे अहवालाचं पान लिहा. पान सापडत नसेल तर ‘नाही’ लिहा. हा दोन रकान्यांचा तक्ता तसाच्या तसा निवेदनाला जोडता येतो.

तिसरं, मोजमापं कधी घेतली ते पाहा. हवा-पाण्याचे नमुने बहुधा पावसाळा सोडून एकाच हंगामात घेतलेले असतात. आपल्याकडच्या ओढ्यांना अडचण इथेच येते. जानेवारी ते मेमध्ये आलेल्या सर्वेक्षकाला कोरडा ओढा दिसतो, तो त्याला ‘हंगामी नाला’ म्हणतो किंवा नोंदवतच नाही, आणि तिथे नळाची मोरी पुरते असं ठरतं. म्हणून ओढ्याचा पुरावा तुम्हीच द्यायचा आहे.

चौथं, आवाज आणि धूळ. निवासी भागासाठी आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. शाळा-रुग्णालयांभोवतीच्या १०० मीटर शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४० आहे. धुळीच्या पीएम-१० कणांसाठी २४ तासांची मर्यादा दर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. अहवालातले आजचे आकडे आणि रस्ता झाल्यावरचे अंदाज यांच्याशी ताडून पाहा. अंदाज मर्यादेच्या वर जात असेल तर आवाज रोखणारी भिंत कुठल्या साखळीला आहे, हा प्रश्न तयार झाला.

पाचवं, जंगल आणि झाडं. गोव्यातल्या मोपा विमानतळाची पर्यावरण मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ ला स्थगित केली होती. आसपासची जंगलं आणि तोडली जाणारी झाडं यांची माहिती अर्जात व अहवालात नीट दिलेली नव्हती, आणि पुढे झाडांचा आकडा ५४,६७६ निघाला. जानेवारी २०२० मध्ये जादा अटींसह स्थगिती उठली आणि विमानतळ झाला. पण त्या अटी झाडं मोजून दाखवणाऱ्यांमुळे आल्या, म्हणून झाडांचा तक्ता वरवर पाहून सोडू नका.

तपासा: अहवालात दुसऱ्याच जिल्ह्यातल्या नदीचं, तालुक्याचं किंवा पिकाचं नाव आढळलं तर पान क्रमांक टिपा. मजकूर दुसऱ्या प्रकल्पातून उचलल्याची ती खूण असते. अहवाल तयार करणाऱ्या सल्लागार संस्थेला ‘नाबेट’ ही राष्ट्रीय व्यवस्था मान्यता देते; त्या मान्यतेचं प्रमाणपत्र अहवालात आहे का आणि त्याची मुदत अभ्यासाच्या काळात चालू होती का, तेही पाहा.

## टप्पा ४: शिवारात जाऊन मोजा

इथे सर्वांत जास्त वेळ घाला, किमान आठ दिवस. लागतं ते एवढंच: ३० मीटरचा टेप, गाव नकाशा, सातबारा उतारे, फोटोवर जागा आणि तारीख उमटवणारं मोबाइल अ‍ॅप, आणि एक वही.

ओढे आणि नाले. मार्ग जिथे ओढा ओलांडतो तिथे उभं राहा. पुराची खूण शोधा. बाभळीच्या फांदीत अडकलेलं वाळकं गवत, बांधावरचा गाळाचा पट्टा, जुन्या पुलाच्या खांबावरची मातकट रेघ, यांतलं काहीतरी सापडतंच. त्या उंचीला दोरी ताणून वरची रुंदी घ्या, तळाची रुंदी घ्या, खोली घ्या. समजा वर ९ मीटर, तळाशी ५ मीटर आणि खोली १.८ मीटर आली. वरची आणि तळाची सरासरी ७, गुणिले १.८, म्हणजे १२.६ चौरस मीटर. आता अहवालात तिथे १.२ मीटर व्यासाच्या तीन नळांची मोरी असेल तर एका नळाचं तोंड १.१३ चौरस मीटर, तिन्हींचं मिळून ३.४. पुराला लागणाऱ्या जागेच्या जेमतेम पाव भाग. पाण्याचा वेग आणि उतार धरल्याशिवाय अभियंत्याचं गणित पुरं होत नाही हे खरं, पण ते गणित दाखवा म्हणायला हा आकडा पुरेसा आहे. भरावाच्या वरच्या बाजूच्या शेतात पाणी तुंबतं ते याच तफावतीमुळे.

विहिरी आणि बोअर. प्रत्येकीचा गट नंबर, खोली, मे महिन्यातली पाण्याची पातळी आणि रस्त्याच्या मध्यरेषेपासूनचं अंतर लिहा. जिथे डोंगर फोडून खोल कापणी किंवा बोगदा आहे, तिथे सुरुंगाचा आणि झरे तुटण्याचा धोका जास्त असतो. आजची पातळी नोंदलेली नसेल तर उद्या विहीर आटल्यावर भरपाईला आधार राहत नाही.

पाणंद, शिवरस्ता, पाट, चारी. रस्ता शिवाराचे दोन तुकडे करतो. पलीकडच्या शेताला जायला आज किती अंतर आहे आणि अंडरपासला वळसा घालून किती होईल, दोन्ही मोजा. उसाच्या पट्ट्यात भरलेल्या ट्रॉलीची उंची आणि हार्वेस्टरची रुंदी टेप लावून घ्या. ‘अंडरपास द्या’ एवढंच म्हणलं की बैलगाडी जाईल एवढा बोगदा मिळतो आणि पावसाळ्यात तोही पाण्याने भरतो. उंची, रुंदी आणि पाण्याचा निचरा, तिन्ही मागा. ठिबकची आणि उपसा सिंचनाची पाइपलाइन रस्त्याखालून कुठे न्यायची तेही साखळीसह लिहा. नंतर ती ओलांडणी मिळवणं फार जिकिरीचं होतं.

झाडं. जात, संख्या आणि छातीच्या उंचीवरचा घेर. देवराई, स्मशानभूमी, गायरान, पाणवठा हे नकाशावर वेगळ्या रंगाने दाखवा.

मुरूम आणि क्रशर. भराव कुठल्या खाणीतून येणार, किती घनमीटर, आणि कुठल्या गावरस्त्याने? रेषीय, म्हणजे रस्ता किंवा पाइपलाइनसारख्या लांबच लांब जाणाऱ्या, प्रकल्पांसाठी माती-मुरूम काढायला २०२० मध्ये दिलेली सरसकट सूट सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ ला रद्द केली. त्यामुळे खाणींची यादी, प्रमाण आणि परवानग्या मागणं रास्त आहे.

इशारा: फुगवून लिहू नका. ४० झाडांची ४०० केली आणि जागेवर पडताळणी झाली, तर उरलेले खरे मुद्देही त्यासोबत बुडतात.

## टप्पा ५: ग्रामसभेचा ठराव

मोजणी झाली की लगेच ग्रामसभा. नोटीस रीतसर, हजेरीवर सह्या, आणि गणपूर्ती पाहा: मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल ती संख्या. ‘प्रकल्पास तीव्र विरोध’ एवढाच ठराव करू नका. विरोध असेल तर तो पहिल्या परिच्छेदात स्पष्ट लिहा, आणि ‘तरीही प्रकल्प पुढे नेल्यास’ असं म्हणून खाली मोजलेले मुद्दे आणि मागण्या क्रमाने द्या. खालच्या मागण्या दिल्या म्हणजे संमती दिली असा अर्थ लागू नये, म्हणून तेही एका वाक्यात ठरावातच नमूद करा.

वनहक्काचे दावे प्रलंबित असतील तर त्यांची यादी ठरावाला जोडा. रेषीय प्रकल्पांना ग्रामसभेच्या संमतीत केंद्राने २०१३ मध्ये सवलत दिली आहे, पण वनहक्क निश्चित करण्याची जबाबदारी त्यामुळे टळत नाही.

## टप्पा ६: लेखी निवेदन

सुनावणीच्या आधी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात देता येतं आणि सुनावणीतही देता येतं. दोन्ही करा. मुंबई-पुण्याला नोकरीला असलेली गावची माणसंसुद्धा लेखी म्हणणं पाठवू शकतात.

एका निवेदनात एकच मुद्दा ठेवा. एका पानावर वीस मुद्दे असले की त्याला एकच गोळाबेरीज उत्तर येतं. वीस पानांवर वीस मुद्दे असले तर प्रत्येकाला उत्तर द्यावं लागतं. मांडणी अशी:

‘मी, मौजे …, तालुका … येथील शेतकरी, गट नंबर … . प्रारूप अहवालाच्या पान … वरील तक्ता … मध्ये साखळी ४२/३०० येथे १.२ मीटर व्यासाच्या तीन नळांची मोरी दर्शविली आहे. प्रत्यक्षात ओढ्याची पूरपातळीची रुंदी वर ९ मीटर, तळाशी ५ मीटर व खोली १.८ मीटर आहे. मोजणीची नोंद, फोटो व नकाशा सोबत जोडला आहे. प्रस्तावित मोरी अपुरी पडून वरच्या बाजूचे गट नंबर … पाण्याखाली जातील. मागणी: पावसाळी प्रवाहावर आधारित जलशास्त्रीय गणित करून येथे पुरेशा गाळ्याचा पूल द्यावा व त्याचा तपशील, खर्च व मुदत अंतिम अहवालात व पर्यावरण व्यवस्थापन आराखड्यात समाविष्ट करावी.’

जागा, पान, मोजमाप, परिणाम, मागणी. यातलं एक जरी गळलं तरी उत्तर टाळायला वाट मिळते. ‘आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या जमिनी’ ही भावना खरी आहे, ती बोलताना जरूर सांगा. कागदावर मात्र आधी ४२/३०० येऊ द्या.

तपासा: प्रत्येक निवेदनाच्या दोन प्रती. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ईमेलने पाठवलं तरी पोच मागा.

## टप्पा ७: सुनावणीचा दिवस

सुनावणी जिल्हावार, प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ व्हायला हवी. प्रकल्प तीन जिल्ह्यांतून जात असेल तर सुनावण्याही तीन. अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा प्रतिनिधी, सोबत मंडळाचा अधिकारी. त्यापेक्षा कनिष्ठ अधिकारी खुर्चीवर असेल तर कामकाज सुरू होण्याआधी लेखी हरकत द्या. तारीख, वेळ, जागा आयत्या वेळी बदलता येत नाही. तातडीची अनपेक्षित परिस्थिती असेल तरच, आणि तीही जिल्हाधिकाऱ्यांच्या शिफारशीने.

१. लवकर पोचा आणि हजेरीपटावर सही करा. हजेरी इतिवृत्ताला जोडली जाते. सही नसलेला माणूस कागदोपत्री आलेलाच नसतो.

२. आधी यंत्रणेचा प्रतिनिधी प्रकल्पाची आणि सारांशाची माहिती देतो. ती मराठीत मागा. यावेळी अडथळा आणू नका. त्याने दाखवलेल्या स्लाइडवरचा आकडा अहवालापेक्षा वेगळा निघाला तर तोच तुमचा पहिला प्रश्न.

३. बोलणाऱ्यांची यादी आदल्या रात्री ठरवा: ओढ्यावर एक, विहिरींवर एक, शाळेच्या आवाजावर एक, पाणंदीवर एक. बायकांना पाण्याच्या आणि चाऱ्याच्या मुद्द्यावर बोलायला पुढे बसवा. रोज हंडा वाहणाऱ्या बाईइतका त्या पाणवठ्याचा तपशील दुसऱ्या कोणाला माहीत नसतो. प्रत्येकाने तीन मिनिटं बोलावं: नाव, गाव, गट नंबर, एक मुद्दा, एक मागणी. बोलून झालं की शिक्क्याची प्रत हातात घेऊन ‘हे निवेदन इतिवृत्ताला जोडावं’ असं माइकवर म्हणा.

४. संपूर्ण कामकाजाचं चित्रीकरण करणं मंडळावर बंधनकारक आहे. कॅमेरा बोलणाऱ्यांकडे आहे ना, माइक चालू आहे ना, यावर एका तरुणाला लक्ष ठेवायला सांगा. तुमचंही चित्रीकरण ठेवा.

५. ‘बघू’, ‘करून देऊ’ असं उत्तर आलं की लगेच विचारा: कुठल्या साखळीला, किती रकमेत, कधीपर्यंत? केंद्रीय मंत्रालयाच्या ३० सप्टेंबर २०२० च्या ज्ञापनानुसार सुनावणीत दिलेली आश्वासनं पर्यावरण व्यवस्थापन आराखड्याचा भाग करायची असतात. आकडा आणि तारीख नसलेलं आश्वासन त्या आराखड्यात बसवता येत नाही.

इशारा: खुर्च्या फेकल्या गेल्या, कामकाज उधळलं गेलं, तर इतिवृत्तात तेवढंच राहतं. सभात्याग करायचाच असेल तर आधी सगळी निवेदनं देऊन, पोच घेऊन करा.

## टप्पा ८: इतिवृत्त वाचून दाखवेपर्यंत थांबा

सगळ्यात मोठी चूक इथे होते. जेवणाची वेळ उलटते, एसटी निघायची असते, लोक पांगतात. पण कामकाजाच्या शेवटी मंडळाच्या अधिकाऱ्याने इतिवृत्ताचा गोषवारा उपस्थितांना मराठीत समजावून वाचून दाखवायचा असतो, आणि मान्य झालेल्या इतिवृत्तावर अध्यक्षांची सही त्याच दिवशी व्हायची असते. म्हणून किमान दहा माणसं शेवटपर्यंत बसवाच, आणि त्यांच्या जेवणाची सोय आधीच करून ठेवा.

त्यांच्या हातात तुमच्या मुद्द्यांची यादी असू द्या. वाचताना प्रत्येक मुद्द्यापुढे खूण करा. जे आलं नाही ते तिथेच उभं राहून सांगा. ‘पाण्याच्या निचऱ्याबाबत शंका’ असं मोघम लिहिलं असेल तर ‘साखळी ४२/३००, ओढ्याची मापं’ असं दुरुस्त करून घ्या. वाचन झालंच नाही तर त्याच संध्याकाळी जिल्हाधिकारी आणि मंडळाला ईमेल पाठवा आणि हजर असलेल्यांची नावं त्यात लिहा. आठवड्याने पाठवलेल्या तक्रारीपेक्षा त्या संध्याकाळच्या ईमेलचा वेळेचा शिक्का जास्त बोलतो.

## टप्पा ९: सुनावणीनंतर

मंडळाने इतिवृत्त आठ दिवसांत मंजुरी देणाऱ्या प्राधिकरणाकडे पाठवायचं असतं. ते ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि जिल्हाधिकारी कार्यालयात लावायचं असतं आणि मंडळाच्या संकेतस्थळावर टाकायचं असतं. ते वाचून हरकत असेल तर थेट प्राधिकरणाला आणि यंत्रणेला लिहिता येतं. बहुतेक गावं ही संधी घेत नाहीत.

मग परिवेशवर लक्ष ठेवा. अंतिम अहवाल आला की आधी तुमच्या साखळीचा तक्ता उघडा. मोरीचा आकडा बदलला का? प्रकल्प ज्या समितीपुढे जातो तिची कार्यक्रमपत्रिका आणि बैठकीचं इतिवृत्त तिथेच येतं. बैठकीच्या आधी समितीच्या सदस्य सचिवांना एका पानाचं पत्र पाठवा: सुनावणीत मांडलेले पाच मुद्दे, इतिवृत्तातला त्यांचा क्रमांक, आणि अंतिम अहवालात न मिळालेलं उत्तर.

मंजुरी मिळाली तर यंत्रणेने ती अटींसह किमान दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापायची असते. तिच्या विरोधात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपील करायची मुदत ३० दिवसांची आहे. सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस मिळू शकतात, त्यापुढे नाही. महाराष्ट्र-गोव्यासाठी खंडपीठ पुण्यात आहे, आणि भरपाई मागितली नसेल तर अपिलाचं शुल्क १,००० रुपये. शिक्क्याच्या प्रती, त्या संध्याकाळचा ईमेल, ग्रामसेवकांचं ‘अहवाल प्राप्त नाही’ हे पत्र, सगळं एका फाइलमध्ये तारखेच्या क्रमाने लावलेलं असेल तर वकिलाचं काम दोन दिवसांत होतं. ते घराघरांतून गोळा करायचं झालं तर ३० दिवस तसेच जातात.

अपिलाला जायचं नसेल तरी फाइल बंद करू नका. यंत्रणेने दर वर्षी १ जूनला आणि १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल द्यायचा असतो. तो उतरवून घ्या आणि ओढ्यावर जाऊन पुन्हा टेप लावा. अहवालात ‘पूर्ण’ लिहिलेलं असेल आणि मोरी तीनच नळांची निघाली, तर फोटो आणि मापं नागपूरच्या केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयाला पाठवा. प्रस्ताव क्रमांक, अटीचा क्रमांक आणि साखळी पहिल्या ओळीत लिहा, आणि हे भरावाचं काम त्या ठिकाणी पुरं होण्याआधी करा. एकदा वर डांबर किंवा काँक्रीट पडलं की नळ बदलणं जवळजवळ अशक्य होतं.